आगगाडीच्या डब्यातली शाळा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



परदेशी जाऊन आलेल्या बाईने तिकडे काय पाहिले ते सर्वांना सांगावे, अशी आपल्या मंडळाची जुनी चाल आहे. मुलीकडे टोकियोला दोन महिने राहून आले, म्हणून या वेळी ती पाळी माझी. परंतु तिथल्या उंच इमारतींची आणि गजबजलेल्या स्टेशनांची वर्णने आपण पुष्कळ ऐकली आहेत. मी आज एकाच जागेविषयी बोलणार आहे. ती पाहिल्यापासून आपल्या बालवाडीचा एक प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे. तोही शेवटी आपल्यापुढे ठेवीन.

'तोत्तोचान' हे पुस्तक आपल्यापैकी बऱ्याच जणींनी वाचले असेल. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे. मूळ पुस्तक तेत्सुको कुरोयानागी या बाईंचे. त्यांचा जन्म १९३३ चा. जपानात नटी म्हणून आणि दूरदर्शनवरील मुलाखतकार म्हणून त्यांना घरोघर ओळखतात. १९८१ साली हे पुस्तक निघाले आणि एकट्या जपानात त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्यात पहिल्या इयत्तेतच शाळेतून काढून टाकलेल्या एका मुलीची हकीकत आहे, आणि ती मुलगी म्हणजे स्वतः लेखिकाच. तिचा अपराध कोणता? ती मेजाचे झाकण शंभरदा उघडझाप करी, आणि खिडकीशी उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारी!

या पुस्तकातल्या शाळेची आठवण म्हणून नागानो प्रांतातल्या मात्सुकावा गावी २०१६ साली 'तोत्तोचान चौक' उभारला गेला. टोकियोहून गाडीने मात्सुमोतोपर्यंत जायचे, तिथून लहान गाडीने शिनानो-मात्सुकावा स्टेशनावर उतरायचे. आम्ही मे महिन्यात गेलो. भाताच्या खाचरांत पाणी भरलेले, आणि पलीकडे डोंगरांच्या माथ्यावर अजून बर्फ! माझी सात वर्षांची नात सारा वेळ खिडकीला नाक लावून बसली होती.

आपण म्हणाल, शाळा टोकियोतली. मग तिची आठवण खेड्यात कशाला? त्याला कारण चिहिरो इवासाकी. पुस्तकातली हळुवार रंगांची मुले या चित्रकर्तीची. पण ती चित्रे पुस्तकासाठी काढलेली नव्हेत. चिहिरो १९७४ सालीच वारल्या. त्यांच्या मागे राहिलेल्या चित्रांतून ती निवडली. त्यांचे आईवडील युद्धानंतर याच गावात जमीन फोडून शेती करू लागले होते. म्हणून १९९७ साली येथे त्यांच्या चित्रांचे संग्रहालय झाले, आणि कुरोयानागीबाई त्याच्या संचालिका झाल्या. भोवतालचे उद्यान गावाचे आहे.

त्या उद्यानात हिरवळीवर आगगाडीचे दोन जुने डबे उभे आहेत. १९२० नंतरच्या दशकात बांधलेले हे डबे नागानोकडच्याच विजेच्या रेल्वेचे. एका डब्यात वर्ग मांडला आहे: लाकडी बाके, फळा. दुसऱ्यात मुलांचे वाचनालय. पाळणे नाहीत, चक्रे नाहीत, कर्णकर्कश गाणी नाहीत. मला वाटले, नात पाच मिनिटांत कंटाळेल. पण तिने बाक पकडला तो सोडीना! शेजारच्या बाकावरच्या जपानी मुलीशी तिने काय संभाषण केले देव जाणे. थोड्या वेळाने दोघी मिळून 'गाडी' चालवीत होत्या.

मुळातली शाळा होती तोमोए. सोसाकू कोबायाशी यांनी ती १९३७ साली टोकियोच्या जियुगाओका भागात चालू केली. मुले थोडी, जेमतेम पन्नास. वर्ग भरत ते रेल्वेच्या टाकाऊ डब्यांत. सकाळी दिवसभराचे विषय फळ्यावर लिहीत, आणि ज्याला जो आवडेल त्यापासून त्याने आरंभ करावा. डब्यात काही समुद्रातले आणि काही डोंगरावरचे असावे, एवढाच आयांना नियम. म्हणजे मासळी नि भाजी दोन्ही पोटात गेली, आणि कोणा आईला कमीपणाही आला नाही. प्रवेशाच्या दिवशी मुख्याध्यापकांनी तोत्तोचानचे बोलणे चार तास ऐकून घेतले. पोलिओ झालेला यासुआकी नावाचा मुलगा वर्गात होता. त्याला तोत्तोचानने शिडी लावून, ओढून, घाम गाळून आपल्या झाडावर चढविले. जन्मात तो एकदाच झाडावर चढला, कारण पुढे तो लहानपणीच वारला.

१९४५ च्या बाँबहल्ल्यात तोमोए जळून गेली. कोबायाशींनी नंतर त्या जागी बालवर्ग चालविला, पण तशी शाळा पुन्हा उभी राहिली नाही; १९६३ साली ते वारले. मात्सुकावाचे डबे तोमोएचे नव्हेत, हे ध्यानात ठेवूनच ते पाहावे लागतात. खरी शाळा जेमतेम आठ वर्षे टिकली. टिकून राहिले ते तिथे शिकलेल्या एका मुलीच्या मनातले प्रेम.

मला मात्र सर्वांत मोठी वाटली ती तोत्तोचानची आई. मुलीला शाळेतून काढले, हे तिने मुलीला वीस वर्षांची होईपर्यंत सांगितले नाही. नवी शाळा पाहू या का, एवढेच ती म्हणाली. नावडती म्हणून काढलेली, हा शिक्का त्या मुलीने बालपणी कधी वाहिला नाही.

हे सारे जपानातच घडू शकते असे समजू नका. १९४५ सालीच, तिकडे तोमोए जळाली त्या वर्षी, इकडे ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. पुढे त्या आणि अनुताई वाघ कोसबाडला गेल्या, आणि गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांना शाळेत येता येईना तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. डबा असो की कुरण, मुलाच्या मापाने शाळा बेतायची, हे तत्त्व एकच.

आता आपल्या बालवाडीकडे वळते. एक मुलगा जागेवर बसत नाही, इतरांना ढकलतो, म्हणून त्याला काढावे असा अर्ज काही पालकांनी दिला आहे. तो पुढच्या बैठकीत येईल. पालकांचे म्हणणे खोटे नाही. तीस मुलांमागे एकच बाई. तिने कोणाकोणाकडे बघावे? पण एक लक्षात घ्या. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत शाळेतून काढता येणार नाही, असे २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा सांगतो. आपली मुले त्याहून लहान, म्हणून कायद्याचा हात आपल्यापर्यंत पोहोचत नाही इतकेच. मोठ्यांच्या शाळेला जे करता येत नाही, ते चार वर्षांच्या पोराच्या बाबतीत आपण करावे काय?

नुसती दया दाखवून भागणार नाही. बाईंना जोडीला माणूस हवे. आपण साठ सभासद आहोत. रोज एकीने सकाळचे दोन तास बालवाडीत बसायचे ठरविले, तर प्रत्येकीची पाळी अडीच-तीन महिन्यांतून एकदाच येते. त्या मुलाला बाहेर अंगणात न्यावे, पाणी घालायला द्यावे, त्याचे बोलणे ऐकावे. चार तास नको, पाव तास पुरे. जून ते दिवाळी एवढे करून पाहू, आणि मग त्या अर्जाचा विचार करू. वही मी टेबलावर ठेवली आहे. पहिल्या सोमवारपुढे माझे नाव लिहिले आहे. मंगळवार अजून मोकळा आहे.