काव्यमेळावा : नंबर कोणाचा आणि आवाज कोणाचा?

(विहाराच्या वर्धापन दिनी भरलेल्या काव्यमेळाव्यात विहार समितीच्या वतीने केलेले भाषण)



सकाळी वंदना झाली, मग कार्यशाळा झाली, दुपारी स्पर्धा झाली. आता काव्यवाचनाआधी समितीने दोन शब्द बोलावेत असे ठरले. दोन शब्द म्हणता म्हणता अर्धा तास जातो हा आपला नेहमीचा अनुभव. पण निकालाचा कागद अजून पाकिटात आहे आणि सगळ्यांचे डोळे त्या पाकिटाकडे आहेत, म्हणून आम्ही आवरते घेतो.

बंधू-भगिनींनो, आज एक चूक आपल्यापुढे कबूल करायची आहे. पहिल्या वर्षी स्पर्धा ठेवली तेव्हा आम्ही नियम केले : कविता स्वतःची असावी, कागदावर एका बाजूला लिहिलेली असावी, भाषा शुद्ध असावी. नियम वाचायला छान वाटले. आपल्याच आळीतल्या एक आजी नाव द्यायला आल्या. त्यांना जात्यावरच्या ओव्या आणि बाबासाहेबांचे पाळणे तोंडपाठ होते, काही त्यांनी स्वतः जुळवलेले होते. आम्ही विचारले, "आजी, कागद कुठाय?" त्या म्हणाल्या, "मला कुठं लिवता येतंय बाबा? म्हणून दाखवते की." आम्ही नियम दाखवला. आजी काही बोलल्या नाहीत, मागे जाऊन बसल्या आणि शेवटपर्यंत सगळ्यांसाठी टाळ्या वाजवत राहिल्या. पुढच्या वर्षी नियम बदलायचे ठरले, तोवर आजी राहिल्या नव्हत्या. त्यांच्या ओव्यांची एक ओळसुद्धा कोणाच्या वहीत नाही. ज्यांना नंबर दिले त्या कविता मात्र फायलीत व्यवस्थित आहेत.

हे मनाला लागले, म्हणून आम्ही मागे वळून पाहिले. लोककवी वामनदादा कर्डक १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले. मुंबईत आले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. कोणीतरी पत्र वाचायला दिले, ते वाचता आले नाही, त्याची लाज वाटली, आणि मग ते मोठेपणी अक्षरे शिकले. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत शिकलेल्या या माणसाची गाणी पुढे गावोगाव गेली. १९५८ साली दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. त्यांचेही शाळेत जाणे नावापुरतेच होते. आमच्या नियमाने या दोघांनाही त्यांच्या उमेदीच्या काळात दारातच अडवले असते!

आपल्या गासच्या आसपासची माती काय सांगते तेही बघा. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली सोपाऱ्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा शेजारच्या भुईगावात १९५६ साली सापडला, ज्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली त्याच वर्षी. आठव्या लेखात राजा सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीला आणि मौजेला निघत, आपण मात्र धम्मयात्रेला निघतो, खेड्यापाड्यातल्या लोकांना भेटतो, त्यांच्याशी धम्माबद्दल बोलतो. हा लेख प्राकृतात, म्हणजे लोकांच्या बोलीत आहे. राजा जर लोकांच्या भाषेत बोलतो, तर आम्ही कोण भाषेचे गुण कापणारे? आपल्यात कोणी साताऱ्याकडचा, कोणी रत्नागिरीचा, कोणी मराठवाड्याचा, आणि शेजारी कादोडी बोलणारी घरे. प्रत्येकाने आपापल्या बोलीत म्हणावे.

मग परीक्षकांनी गुण द्यायचे कशावर? त्याचे उत्तर आम्हाला सुत्तनिपातातल्या सुभाषित सुत्तात मिळाले. भगवंतांनी तिथे चांगल्या वाणीच्या चार खुणा सांगितल्या आहेत : ती नीट बोललेली असावी, धम्माला धरून असावी, ऐकणाऱ्याला प्रिय वाटावी आणि खरी असावी. तेव्हा वंगीस नावाचे भिक्खू उठले. आपल्याला काही सुचते आहे असे ते म्हणाले आणि परवानगी मिळताच त्यांनी समोरच गाथा म्हटल्या. कागद नव्हता, पेन नव्हते! तेव्हापासून आपल्या स्पर्धेत या चार खुणांना पंचवीस-पंचवीस गुण आहेत. शुद्धलेखनाला गुण नाहीत.

या चारातली 'खरी' ही खूण सर्वात कठीण. पूर्वी चाळीस कविता आल्या तर चाळीसांत सूर्य उगवायचा. बाबासाहेबांना सूर्य म्हणण्यात चूक काहीच नाही. पण तुझ्या घरात तो उजेड कुठे पडला ते सांग ना! कार्यशाळेत आम्ही मुलांना एवढेच म्हणतो : आई पहाटे डबा भरून विरार लोकल पकडते ते लिही, पाण्याच्या टँकरची रांग लिही, बाबांनी पहिला पगार आजीच्या हातात दिला ते लिही. आज सकाळी एका मुलीने आईच्या हातावरच्या भाजल्याच्या डागावर चार ओळी लिहिल्या आणि अख्खी कार्यशाळा गप्प झाली.

आणखी एक बदल केला. कार्यशाळेत एका ज्येष्ठाशेजारी एक शाळकरी मूल बसते. ज्येष्ठ म्हणतात, मूल लिहिते. हे काम मोठ्या प्रमाणावर झालेले आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रयत्नातून महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी म्हटलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यात आहेत. त्या बायांचा आवाज राहिला, कारण कोणीतरी जाऊन त्यांच्यासमोर बसले. आपल्या आजींसमोर आपण बसलो नाही.

म्हणून घरोघरी एक विनंती आहे. शंभर पानी एक वही घ्या. आजी, आत्या, मावशी जे म्हणतील ते तसेच लिहा, सुधारू नका. खाली त्यांचे नाव, गाव आणि ते कोणाकडून ऐकले तेवढे टाका. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे, त्यात आवाजही भरून ठेवा. उद्यावर ढकलू नका. आम्ही एकदा ढकलले होते.

पुढच्या वर्धापन दिनाला या वह्या विहारात आणा. त्यांना नंबर नाही, पण वाचनाची सुरुवात त्यांनीच होईल. आता पाकीट उघडायला हरकत नाही. मात्र त्याआधी पुढच्या रांगेतल्या आजींना माईक द्या. त्या बसूनच म्हणतील, माईक थोडा खाली घ्या.

भवतु सब्ब मंगलम्. जय भीम.