पत्ते आणि पत्ता

सभापर्वांतील द्यूताची कथा घरोघर ठाऊक आहे. परंतु तींतील एका गोष्टीकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. धर्मराज ज्या सभेंत खेळला ती सभा कौरवांनीं बांधविलेली होती, फांसे शकुनीचे होते, आणि खेळ कोठें व कसा व्हावयाचा हें आमंत्रण देणारांनीं ठरविलें होतें. जागेची निवड परक्याच्या हातीं गेली तेव्हांच निम्मा डाव हरला गेला होता. हौसेखातर पत्ते खेळणाऱ्यानें ही गोष्ट मनावर घेण्याचें कारण नाहीं. परंतु कॅसिनोंतील पोकरवर पोट भरण्याच्या बेतानें जो घर सोडूं पाहतो, त्याच्यापुढील पहिला प्रश्न हातांत कोणतीं पानें येतील हा नसून बिऱ्हाड कोठें करावें हा असतो.

हा प्रश्न केवळ कल्पनेंतला नाहीं. १५ एप्रिल २०११ रोजीं अमेरिकेंतील तीन मोठ्या ऑनलाइन पोकर कंपन्यांच्या चालकांवर तेथील सरकारनें खटले उघड केले, आणि घरीं बसून खेळणाऱ्या कित्येक अमेरिकन खेळाडूंनीं कॅनडा, मेक्सिको अशा देशांत आपलीं बिऱ्हाडें हलविलीं. भारतांत ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला. मुंबई-पुण्याकडील ज्या तरुणांनीं हा खेळ पडद्यावर शिकून त्यावर मिळकत केली होती, त्यांच्यापुढें तोच पेंच उभा राहिला : धंदा सोडावा, कीं तो जेथें प्रत्यक्ष मेजावर चालतो तेथें जावें? अशा तरुणाच्या मागें वृद्ध आईबाप असतात, कधीं पत्नी व मूल असतें, घराच्या कर्जाचा हप्ता असतो. म्हणून त्याची निवड ही त्याच्या एकट्याची नसते.

प्रथम या खेळाचें स्वरूप नीट समजून घेतलें पाहिजे. कॅसिनोंतील बहुतेक खेळांत गिऱ्हाईक कॅसिनोविरुद्ध खेळतें, आणि गणितच असें बांधलेलें असतें कीं अखेरीस कॅसिनो जिंकतो. पोकरमध्यें खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात. कॅसिनो फक्त मेज, पत्ते आणि पत्ते वांटणारा माणूस पुरवितो, आणि त्याबद्दल प्रत्येक डावांतून कांहीं रक्कम कापून घेतो किंवा तासाच्या हिशेबानें भाडें आकारतो. आपल्याकडील अड्ड्यांवर ज्याला नाल काढणें म्हणतात, त्याच जातीचा हा प्रकार. त्यामुळें कुशल खेळाडूला येथें फायद्यांत राहणें शक्य असतें. परंतु शेजाऱ्यांपेक्षां थोडें चांगलें खेळून भागत नाहीं, कापलेली रक्कम भरून निघण्याइतकें चांगलें खेळावें लागतें.

उदाहरणादाखल एक साधा हिशेब पाहावा. एका मेजाभोंवतीं नऊ जण बसले आहेत. तासाला सुमारें ३० डाव होतात, आणि प्रत्येक डावांतून सरासरी ४ डॉलर कापले जातात. म्हणजे तासाला १२० डॉलर मेजावरून कायमचे उठले. माणशीं हे १३ डॉलरांहून थोडे अधिक होतात. जिंकणाऱ्यानें पत्ते वांटणाऱ्याला दर डावास एक डॉलर बक्षीस देण्याची रीत आहे. ती धरली तर माणशीं ओझें १६ ते १७ डॉलरांवर जातें. आठवड्याला ४० तास व वर्षाला ५० आठवडे खेळणाऱ्याच्या वांट्याला हें ओझें वर्षाकाठीं सुमारें ३३ हजार डॉलरांचें पडतें. भाडें, जेवण, औषध आणि घरीं पाठवावयाचे पैसे हे सर्व त्यानंतर. ज्या गांवीं कापणी दर डावामागें एका डॉलरनेंहि अधिक आहे, तें गांव किती महाग आहे हें यावरून कळून यावें.

आतां एकेक ठिकाण घेऊन पाहूं गेल्यास सर्वांच्या डोळ्यांपुढें प्रथम उभें राहतें तें लास व्हेगास. नेवाडा राज्यानें १९३१ सालीं जुगार कायदेशीर केला, आणि १९७० पासून पोकरची जागतिक स्पर्धामाला या शहराशीं जोडली गेली आहे. तिच्या मुख्य स्पर्धेची प्रवेश फी १० हजार डॉलर असते. उन्हाळ्यांत ही स्पर्धामाला चालू असतां साऱ्या जगांतील खेळाडू तेथें लोटतात, मेजें अहोरात्र भरलेलीं असतात, आणि नवख्याला वाटतें कीं हेंच आपलें गांव. परंतु ही जत्रा आहे, आणि जत्रेंतल्या गर्दीवरून गांवाच्या बाजारपेठेची परीक्षा करूं नये. नोव्हेंबरांतील एखाद्या मंगळवारीं सकाळीं किती मेजें चालू असतात, आणि त्यांवर सुट्टीला आलेले प्रवासी किती व तेथेंच राहून पोट भरणारे किती, हें मोजणाऱ्यालाच व्हेगास खरें दिसतें. या शहराच्या बाजूनें मोठी गोष्ट ही कीं राज्याचा प्राप्तिकर नाहीं. मध्यवर्ती सरकारचा कर मात्र चुकत नाहीं. शिवाय २०२५ च्या कायद्यानें २०२६ पासून हरलेल्या रकमेपैकीं ९० टक्केच वजा करण्याची मर्यादा घातली गेली. या नियमाप्रमाणें एक लाख डॉलर जिंकून एक लाख हरणाऱ्या माणसाच्या हातीं कांहींच उरत नाहीं, तरी १० हजार डॉलरांच्या उत्पन्नावर त्याला कर बसतो.

लॉस एंजलिसच्या परिसराची परंपरा निराळी आहे. तेथील गार्डेना या लहान शहरांत १९३६ पासून पत्त्यांचे क्लब कायदेशीरपणें चालत आले, आणि पुढें जवळच्या कॉमर्स शहरांत १९८३ सालीं उघडलेला कॅसिनो पोकरच्या मेजांच्या संख्येबद्दल जगभर प्रसिद्ध झाला. येथें गिऱ्हाईक मुख्यतः स्थानिक. तें ऋतूप्रमाणें येतजात नाहीं, त्यामुळें खेळ बारमाही चालतो. परंतु राज्याच्या कायद्याप्रमाणें क्लबाला डावांतील रकमेचा टक्का घेतां येत नाहीं. आकार आधींच ठरलेला असावा लागतो. वरवर पाहतां हा नियम खेळाडूच्या सोयीचा वाटतो. प्रत्यक्षांत लहान रकमेच्या डावांतूनहि तोच आकार निघत असल्यामुळें थोड्या भांडवलावर खेळणारा त्याखालीं दबतो, आणि मोठ्या रकमेचे डाव खेळणाऱ्याला तो जाणवतहि नाहीं. त्यांत राज्याचा प्राप्तिकर आहे. तो वरच्या टोंकाला १३ टक्क्यांच्या पुढें जातो. घरभाडीं तर सर्वश्रुतच आहेत. अर्थात् एकच गांव एकाला तारतें आणि दुसऱ्याला बुडवितें.

मकावचें उदाहरण याहून बोधप्रद आहे. १९९९ पर्यंत पोर्तुगालच्या अमलाखालीं असलेल्या या छोट्या प्रदेशांत २००२ मध्यें कॅसिनोची मक्तेदारी संपली, आणि २००६ मध्यें त्याच्या जुगाराच्या उत्पन्नानें व्हेगासच्या प्रसिद्ध हमरस्त्यालाहि मागें टाकलें. हा आंकडा वाचून पोकरच्या धंद्यासाठीं तेथें धांव घेणारा मात्र फसतो. तें उत्पन्न प्रामुख्यानें बॅकरा या खेळाचें आहे, आणि बॅकरांत कॅसिनो स्वतः एक पक्ष असल्यामुळें एका मेजामागें त्याला पोकरच्या मानानें कितीतरी अधिक मिळतें. त्यामुळें पोकरला जागा देण्याची मालकाला घाई नसते. तेथें मोठमोठ्या रकमांचे डाव झाले व त्यांची कीर्तिहि पसरली. परंतु तसे डाव मूठभर धनिकांच्या ओळखीपाळखीवर चालतात, आणि बाहेरून आलेल्या साधारण खेळाडूला तेथें खुर्ची मिळत नाहीं. ज्या गांवांत पैसा वाहतो त्या गांवांत तो आपल्या दाराशीं येतोच असें नाहीं.

परदेशाच्या बाबतींत आणखी एक अडसर आहे, आणि तो उत्साहाच्या भरांत सर्वांत शेवटीं आठवतो. वास्तव्याचा हक्क बहुधा नोकरीमुळें, शिक्षणामुळें, विवाहामुळें किंवा भांडवल गुंतविल्यामुळें मिळतो. स्वतःच्या जबाबदारीवर खेळणाऱ्याला मालक नसतो. मग त्याच्यासाठीं नोकरीच्या परवान्याचा अर्ज कोणीं करावा? प्रवासी म्हणून जाऊन येतां येतें, परंतु प्रवाशाच्या परवान्यावर संसार मांडतां येत नाहीं. अमेरिकेंत परदेशस्थ विजेत्याच्या बक्षिसांतून ३० टक्के कर कापून घेण्याचा नियम आहे. ब्रिटन, जपान अशा कांहीं देशांच्या रहिवाशांना करारानें त्यांतून सूट आहे. भारतीयांना ती नाहीं.

मग घराजवळचें गोवें काय वाईट, असा विचार मनांत येणें साहजिक आहे. महाराष्ट्रांत १९७६ सालीं कॅसिनोविषयीं एक कायदा संमत झाला होता खरा. परंतु तो कधींच अमलांत आला नाहीं आणि २०२३ मध्यें रद्दहि झाला. गोव्यांत मात्र १९७६ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याला १९९२ मध्यें दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना वाट मिळाली, आणि १९९६ च्या दुरुस्तीनें जहाजांवर मेजावरचे खेळहि आले. पणजीजवळ मांडवीच्या पात्रांत रात्रीं दिव्यांनीं झगमगणारीं जहाजें हीं त्या दुरुस्तीचीं अपत्यें होत. बोली ओळखीची, माशाचें कालवण ओळखीचें, आणि पुणें एका रात्रीच्या अंतरावर.

परंतु येथें दोन गांठी आहेत. पहिली विलक्षण आहे. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोंत खेळण्यास बंदी झाली. हा खेळ बाहेरून येणाऱ्या प्रवाशांसाठींच राखला गेला. म्हणजे पत्त्यांसाठीं गोव्यांत कायमचें घर करून जो ओळखपत्रावर तेथला पत्ता चढवील, तो ज्या दारासाठीं आला तेंच दार आपल्या हातानें लावून घेईल. गोव्यांत खेळावयाचें तर गोव्याचें होऊन चालत नाहीं.

दुसरी गांठ कराची आहे, आणि ती अधिक घट्ट आहे. भारतांत पत्त्यांच्या खेळांतील जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के कर आहे, आणि हरलेली रकम तींतून वजा करतां येत नाहीं. एखाद्यानें वर्षभरांत कांहीं बैठकींत मिळून १० लाख रुपये जिंकले व इतर बैठकींत ८ लाख घालविले, तर त्याच्या हातीं २ लाख उरतात. कर मात्र १० लाखांवर, म्हणजे ३ लाख. कौशल्यानें खेळून वर्ष जिंकलेल्या या माणसाला प्रामाणिकपणें कर भरण्यासाठीं पदरचे १ लाख घालावे लागतात. कोणत्याहि दुकानदाराला खरेदीची किंमत वजा न करतां विक्रीवर कर भरावा लागला असता, तर त्यानें दुसऱ्याच दिवशीं फळ्या लावल्या असत्या. हिशेब लपवून मार्ग काढणारे निघतील. पण ज्या धंद्यांत टिकण्यासाठीं लपावें लागतें, त्यावर मुलाबाळांचा संसार उभा करणें म्हणजे रोजच नवा पण लावणें होय.

एवढें सर्व पाहूनहि ज्याची जाण्याची इच्छा कायम राहील, त्यानें आपल्या कौशल्याची परीक्षा सावकाश होते हें लक्षांत ठेवावें. पडद्यावर एकाच वेळीं अनेक मेजांवर खेळून जितके डाव एका दिवसांत होत, तितक्यांना प्रत्यक्ष मेजावर आठवडे लागतात. त्यामुळें चांगल्या खेळाडूचेहि सलग दोन-तीन महिने तोट्यांत जाणें नवलाचें नाहीं, आणि वाईट खेळाडूलाहि दोन-तीन महिने यशाचे लाभतात. पहिल्याचा धीर सुटतो, दुसरा नोकरीचा राजीनामा देतो. म्हणून घरखर्चाचे पैसे व खेळाचें भांडवल यांची पेटी एक असूं नये. वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवल्याखेरीज स्थलांतराची भाषा बोलूं नये. आणि घर मोडून जाण्यापूर्वीं जत्रेचे दिवस टाळून दोन महिने त्या गांवीं भाड्यानें राहून पाहावें. त्या दोन महिन्यांत जिंकलेल्या रकमेपेक्षां वहींतल्या नोंदी अधिक मोलाच्या ठरतात : रोज किती मेजें होतीं, किती कापलें गेलें, खोलीला किती पडलें, आणि न खेळण्याच्या दिवशीं बोलावयाला कोण होतें.

ही शेवटची नोंद क्षुल्लक नव्हे. या धंद्यांतला माणूस रात्रीं जागतो व दिवसा झोंपतो. ज्यांच्याशीं त्याची नित्य भेट होते त्यांचाच पैसा त्याला जिंकावयाचा असतो. तोट्याचा महिना आला कीं अशा माणसाला मेजावरून उठविणारी गोष्ट एकच असते : मेजाबाहेरचें जीवन. जेथें सकाळीं फिरावयाला जागा आहे, जेथें पत्नीला आपलें काम करतां येतें, मुलाला शाळा आहे, आजारीपणांत दार ठोठावतां येईल असा शेजारी आहे, तेथला खेळाडू वेळेवर उठतो. जेथें यांतलें कांहींच नाहीं, तेथें तो बसून राहतो, आणि बसून राहिल्यानेंच बुडतो.

तेव्हां कोणत्या गांवीं सर्वांत जास्त जिंकतां येईल हा प्रश्न अपुरा आहे. पत्ते कायमचे खालीं ठेवावे लागले तरी ज्या गांवांत राहण्याचा पश्चात्ताप होणार नाहीं, असें गांव यादींत आहे काय, हें आधीं पाहावें. असेल, तर हिशेबाची वही घेऊन तेथें जाऊन यावें. नसेल, तर ज्या घरांतून निघावयाचें तेंच घर आज हातांत असलेलें सर्वांत चांगलें पान आहे, आणि तें टाकण्याची घाई करूं नये.