खांदेमळणी

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद आणि तूप लावून मळतात. याला खांदेमळणी म्हणतात. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू चढत नाही. आपण याला कृतज्ञता म्हणतो, पण त्यात रोकडा व्यवहारही आहे: घट्टे पडलेल्या खांद्याला उसंत मिळाली नाही, तर पुढची औतकाठी अडते. माणसाच्या बाबतीत मात्र हे कळायला फार वेळ लागला. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये त्यांची संघटना उभारली, तरी मालकांनी रविवार मान्य करायला १० जून १८९० उजाडावा लागला.

शरीर थकते, हे दिसते तरी; डोक्याचे काय? फ्रेंच गणिती आंरी प्वाँकारे एका प्रश्नाशी बरेच दिवस झुंजत होता. मग तो भूगर्भशास्त्राच्या सहलीला गेला आणि प्रवासाच्या गडबडीत गणित विसरला. कुतांस गावी घोडागाडीच्या पायरीवर पाऊल ठेवताना, ध्यानीमनी नसताना, त्याला हवा असलेला दुवा सापडला. पुढे दुसऱ्या एका प्रश्नात अडल्यावर तो वैतागून समुद्रकाठी गेला, आणि तिथेही कड्यावरून चालताना तसेच घडले. यावर कोणी म्हणेल, मग टेबल सोडून भटकतच राहावे की! पण प्वाँकारेनेच बजावले आहे, की आधी जाणीवपूर्वक कष्ट नसतील आणि नंतरही ते घेतले नाहीत, तर मनाच्या तळाशी चाललेले काम फळत नाही. नांगरटच केली नसेल, तर बैलाचे खांदे मळायचे कशाला?

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. हातावर पोट असलेल्याला एक खाडा म्हणजे एका दिवसाची चूल. त्याला विश्रांतीचे गोडवे ऐकवणे क्रूरपणाचेच. पण म्हणूनच विश्रांती ही ज्याच्या-त्याच्या ऐपतीवर आणि मालकाच्या मर्जीवर सोडता येत नाही. लोखंड्यांनी ती सगळ्यांसाठी मागितली, ती यासाठीच. आणि ज्यांना ती आज आयती मिळते, त्यांचे काय चालले आहे? रविवारी सकाळी कचेरीच्या ग्रुपवर साहेबांचा निरोप येतो आणि चहा निवायच्या आत उत्तर जाते. कागदोपत्री ती सुट्टी असेल, पण जू खांद्यावरून उतरलेले नाही. साहेब मंडळींनो, येत्या रविवारचा निरोप सोमवारी धाडा.