जमीन अडकली तर गप्प बसू नका
(रौप्यमहोत्सवी सभासद मेळाव्यात केलेले भाषण)



कमिटीनं मला ‘भूसंपादन आणि जमीनमालकाचे हक्क’ असा भारदस्त विषय दिलाय. मी वकील नाही. पण आपल्या सोसायटीत भोर-वेल्ह्याची इतकी घरं आहेत, की हा विषय इथं कुणाला परका नाही. (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणायचं, माझ्या तोंडी अजून बसत नाही.) कुणाची जमीन धरणात गेली, कुणाची कालव्यात, आणि आता रिंगरोड भोरमध्ये वरव्यापर्यंत यायचाय.

आमच्या घरचंच सांगतो. मी शाळेत असताना गावच्या आमच्या दीड एकरात मोजणीवाले आले, दगड रोवून गेले. सात-बाऱ्यावर इतर हक्कात संपादनाचा शेरा पडला. पुढं कित्येक वर्षं काहीच नाही. ना पैसे, ना जमीन मोकळी. विहिरीसाठी बँकेनं कर्ज दिलं नाही. बहिणीच्या लग्नाला तुकडा विकायला काढला, तर गिऱ्हाईक शेरा बघून चहा न घेता उठलं. शेवटी एकदाचा चेक आला आणि वडिलांनी आनंदानं सही केली. सहीच्या वर ‘हरकत राखून रक्कम स्वीकारली’ एवढं लिहायचं राहिलं. त्या चार शब्दांपायी वाढीव मोबदल्यासाठी कोर्टात जायचा रस्ता बंद झाला. शेजारच्या गटवाल्यांनी लिहिलं होतं; त्यांना कोर्टानं दर वाढवून दिला. अशा वेळी त्याच अधिसूचनेतल्या, कोर्टात न गेलेल्या बाकीच्यांनाही निकालापासून ३ महिन्यांत अर्ज करून तो दर मागता येतो. आम्हाला हे दोन वर्षांनी कळलं, तेही एका लग्नाच्या पंगतीत.

म्हणून म्हणतो, उशीर सरकारचा असला तरी तारखा आपण सांभाळायच्या. आत्ताचा २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. त्यात कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना निघाली की ६० दिवसांत हरकत घ्यायची. लेखी घ्यायची आणि पोच घ्यायची. अधिसूचनेपासून १२ महिन्यांत कलम १९ ची घोषणा, आणि घोषणेपासून १२ महिन्यांत निवाडा व्हायला हवा. नाही झाला तर संपादन व्यपगत होतं, म्हणजे पडतं. सरकार मुदत वाढवू शकतं, पण कारणं लेखी नोंदवून. ती मागून घ्या. अधिसूचनेनंतर जमीन विकता किंवा गहाण टाकता येत नाही. मात्र खास अडचण असेल तर मालकाच्या अर्जावरून जिल्हाधिकारी सूट देऊ शकतात. आमच्या बहिणीच्या लग्नासारखी अडचण असेल, तर अर्ज करून तरी बघा.

उशिराचे पैसेही मिळतात बरं का. सुरुवातीच्या अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा, जे आधी होईल तिथपर्यंत बाजारभावावर वर्षाला १२ टक्के. ताबा आधी आणि पैसे मागाहून, असं झालं तर पहिल्या वर्षी ९ आणि पुढं १५ टक्के व्याज. तक्त्यात हे धरलंय का, कॅल्क्युलेटर घेऊन बघा.

एक गैरसमज मात्र डोक्यातून काढा. २०१४ साली पुणे महापालिकेच्याच खटल्यात सुप्रीम कोर्टानं जुन्या कायद्याखालचं एक संपादन रद्द ठरवलं, कारण पैसे मालकांना न देता सरकारी तिजोरीत ठेवले होते. तेव्हापासून पारावर ‘पाच वर्षं झाली, जमीन सुटली’ असं ऐकू येतं. पण ६ मार्च २०२० ला इंदूर विकास प्राधिकरणाच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी तो निकाल मोडीत काढला. निवाडा २०१४ च्या आधी पाच वर्षं झालेला हवा, शिवाय ताबाही घेतलेला नाही आणि पैसेही दिलेले नाहीत, असं दोन्ही हवं. आणि ताबा म्हणजे काय? पंचनामा! तुम्ही खाचरात भात लावत असाल आणि कागदावर ताबा सरकारचा असेल. पंचनाम्याची नक्कल माहिती अधिकारात काढून ठेवा.

शिवाय सगळी संपादनं याच कायद्याखाली होत नाहीत. रिंगरोडचं १९५५ च्या महाराष्ट्र महामार्ग कायद्याखाली, एमआयडीसीचं १९६१ च्या. तिथल्या मुदती वेगळ्या. नोटीस हातात पडली की आधी त्यावर कायद्याचं नाव वाचा, मग रक्कम.

मी रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात बसतो. सात-बारा, नोटीस, जे असेल ते घेऊन या. झेरॉक्स आणा, मूळ कागद घरीच ठेवा.