दार उघडायचं कुणासाठी आणि कसं?

(नाशिक येथे तरुण कार्यकर्त्यांपुढे केलेलं भाषण)



मार्च 2020 मध्ये देशाला कुलूप लागलं. सगळ्यांना सारखंच लागलं, असं सांगतात. पण ते निघायला लागलं तेव्हा कळलं, किल्ली कुणाच्या खिशात आहे. मे 2020 मध्ये दारूची दुकानं उघडली. ऑगस्टमध्ये मॉल उघडले. 16 नोव्हेंबर 2020 ला पाडव्याच्या मुहूर्तावर देवळं उघडली. दुसरी लाट आली, देवळं पुन्हा बंद झाली आणि 7 ऑक्टोबर 2021 ला घटस्थापनेला पुन्हा उघडली. त्यासाठी घंटानाद झाला, आंदोलनं झाली. आता सांगा, बौद्धिक अपंग मुलांची शाळा कधी उघडली? अपंगांची कर्मशाळा कधी उघडली? तारीख पाठ असेल त्यानं हात वर करावा.

बघा. एकही हात नाही. त्यांच्यासाठी कुणी घंटा वाजवली नव्हती.

दार बंद असण्याचा अर्थ या गावाला शिकवायला नको. 2 मार्च 1930 ला काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, तो देव बघण्याच्या हौसेपोटी नव्हता. आम्हाला माणसात मोजा, एवढंच मागणं होतं. याच गावात 1977 साली रजनीताई लिमयेंनी बौद्धिक अपंग मुलांसाठी प्रबोधिनी सुरू केली. मागणं तेच होतं, ही पोरंही माणसात मोजा.

सरकारने अपंगाला 'दिव्यांग' केलं. देवाच्या नावाने नाव बदलायचा हा खेळ आपण ओळखतो. आपल्यालाही कुणी 'हरिजन' म्हटलं होतं. नावाने पोट भरत नाही आणि जिन्याला उतार लागत नाही.

दार बंद राहिल्याने काय होतं? सेरेब्रल पाल्सीच्या पोराला रोजचा व्यायाम लागतो. तो सुटला की स्नायू आखडतात, पाय वाकडा होतो, आणि मग तो सरळ होणं मुश्कील. बटण लावायला, स्वतः जेवायला, संडासला सांगायला वर्षं लागतात. विसरायला महिने पुरतात. झोपडपट्टीतल्या एका खोलीच्या घरात असं पोर दिवसभर कोंडलं की त्याची आई धुण्याभांड्याच्या कामाला जाणार कशी? म्हणजे पोराचं शिक्षण गेलं आणि घराची चूलही गेली. ज्याला बोलता येत नाही, ज्याचं लक्ष दोन मिनिटं टिकत नाही, त्याला मोबाईलवर शिकवायला निघालेले लोक कोणत्या जगात राहतात?

पण म्हणून 'उघडा, काय व्हायचं ते होऊ द्या' असं म्हणायला मी आलेलो नाही. तेही पाप आहे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य संस्थेने नोव्हेंबर 2020 मध्ये पहिल्या लाटेचा हिशेब मांडला. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांचं कोरोनाने मरण्याचं प्रमाण इतरांच्या सहापटीपर्यंत होतं. 18 ते 34 वयात तर तीसपट. श्रीमंत देशातली ही गत. तेव्हा बंद ठेवणं म्हणजे काळजी नव्हे आणि कसंही उघडणं म्हणजे हक्क नव्हे. दोन्हीकडे माणूस मोजलेला नाही.

सुरक्षा म्हणजे भिंतीवरचा फलक नव्हे. 21 एप्रिल 2021 ला आपल्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. पुरवठा तुटला आणि त्या दिवशी 22 माणसं तडफडून गेली. सुरक्षा नळीत असते, झडपेत असते, रोजच्या देखभालीत असते.

म्हणून केंद्र कसं उघडायचं ते नीट ऐका. हा रोग श्वासातून, हवेतून पसरतो. तेव्हा आधी खिडक्या उघडा, हवा बाहेर फेकणारे पंखे बसवा, जमेल ते व्हरांड्यात, अंगणात करा. फरशीवर औषध मारून फोटो काढणं नंतर. सहा-आठ पोरांचा एकच गट, त्याला रोज तीच ताई. गट मिसळायचे नाहीत. जो मास्क सहन करू शकत नाही त्याला मारूनमुटकून लावायचा नाही. त्याच्याभोवतीच्या मोठ्यांनी चांगला मास्क लावायचा. कर्णबधिर पोरं ओठ वाचतात, त्यांच्या शिक्षकाला तोंड दिसेल असा मास्क द्यायचा. आंधळ्याला हात नाकारायचा नाही, हात धुऊन हात द्यायचा. आपण अंतर हा शब्द फार सोसलाय. अंतर शरीराचं असेल, माणसाचं नाही.

पोरं आणणारी गाडी विसरू नका. काचा लावून कोंबलेली व्हॅन वर्गापेक्षा घातक. काचा उघड्या ठेवा, फेऱ्या वाढवा. 'मला ताप आहे' हे जे पोर सांगू शकत नाही, त्याचं जेवण, झोप, श्वास रोज बघा. आणि मदतनीस बाईला आजारपणाची भरपगारी रजा द्या. रोजंदारी बुडेल म्हणून ती खोकत आली, तर दोष तिचा नाही. ज्या घराला भीती वाटते त्याने पोर पाठवू नये, पण त्याची जागा कापायची नाही. शिक्षकाने दारी जायचं.

लस केंद्रावर आणि घरी मिळाली पाहिजे. घरी जाऊन लस द्यायची परवानगी दिल्लीने दिली ती सप्टेंबर 2021 मध्ये. लसीकरण सुरू झालं होतं जानेवारीत. आठ महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाने काय करायचं होतं?

आणि हे दान नव्हे. 2016 च्या अपंग हक्क कायद्याचं कलम 8 सांगतं, आपत्तीत अपंगाला इतरांइतकंच संरक्षण मिळालं पाहिजे आणि आपत्तीच्या कामकाजात त्याला सामील करून घेतलं पाहिजे. सामील म्हणजे बैठकीत खुर्ची. व्हीलचेअर आत जाईल अशा बैठकीत.

सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, तरी या शहरात त्याची आखणी वर्षानुवर्षं आधी होते. रस्ते, घाट, दवाखाने, सगळं कागदावर येतं. पुढची साथ तारीख सांगून येणार नाही. तेव्हा महापालिकेकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे जा आणि विचारा : पुढच्या वेळी अपंगांची केंद्रं कशी चालणार, कोण पैसे देणार, कोण जबाबदार? लेखी उत्तर घ्या. आपल्या वस्तीत अशी किती पोरं घरात आहेत, त्याची यादी आधी तुम्ही करा. त्या पोरांच्या आयांना पुढे बोलवा, भाषण त्यांना करू द्या.

घंटा त्यांच्या हातात आहे. आपल्याला दार ठोठवायची सवय आहे. तेवढं तरी करू.

जयभीम!