चामड्याच्या सीटची निगा

सायकलची चामड्याची सीट नवी असताना टणक लागते. वापराने ती बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे आकार घेते. बर्मिंगहॅमच्या ब्रूक्स यांनी १८८२ मध्ये अशा सीटचे पेटंट घेतले.

चामड्याला मेणाचे मलम अधूनमधून पातळ लावा, खालूनही. तेल मात्र ओतू नका. चामडे सैल पडते. पावसात सीट झाकून ठेवा. भिजलीच, तर सावलीत वाळवा आणि पूर्ण सुकेपर्यंत तिच्यावर बसू नका. मध्ये झोळ आल्यास पुढच्या टोकाखालचा ताणाचा नट जेमतेम पाव फेरा आवळा. जास्त ताणल्यास चामडे फाटते. कडा मांड्यांना घासत असतील, तर दोन्ही बाजूंना भोके पाडून खालून दोरीने ओढून बांधा. एवढी काळजी घेतलीत, तर सीट वर्षानुवर्षे सुखाची साथ देईल.