अनेक साचे, एक गणित

लालबागच्या गिरण्या चालत होत्या तेव्हां एका छपराखालीं शेंकडों साचे खडखडत. एकच राक्षसी माग कोणीं उभारला नाहीं. महासंगणकाचें कोडें डॉ. विजय भटकरांनीं असेंच सोडविलें. प्रगत क्रे यंत्र अण्वस्त्रांकडे वळेल या भीतीनें अमेरिकेनें तें नाकारलें, आणि १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक निघाली. अकोल्याकडील मुरंबा गांवीं जन्मलेल्या भटकरांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ट्रान्सप्युटर नांवाचे, बाजारांत मिळणारे चिमुकले गणक एकत्र जुंपले. जुंपणें एक वेळ सोपें. काम वांटणें महाकठीण. कांडी वेळेवर न आल्यास साचा थांबतो, तसा शेजाऱ्याच्या उत्तरावांचून गणकही अडून बसतो. (साचेवाल्याला हें चटकन् उमगलें असतें!) १९९१ सालीं ६४ ट्रान्सप्युटरांचा ‘परम ८०००’ चालूं लागला.